जुन्या तलवारी मुलांच्या हाती देण्याआधी

जुळे सोलापूरमधल्या एका शाळेच्या क्रीडा शिक्षिकेनं विचारलंय: "बंद पडलेल्या एका क्लबकडून शाळेला वीसेक जुनी फॉइल, काही सेबर आणि थोडे मास्क-जॅकेट मिळाले आहेत. काही पाती वाकलेली आहेत, काहींवर गंज आहे. मुलं सहावी ते नववीची आहेत. पात्यांना धार नाही, टोकाला रबरही आहे. मग सराव सुरू करायला हरकत नाही ना? वाकलेली पाती एमआयडीसीत सरळ करून मिळतील का?"

मॅडम, तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत. बहुतेक ठिकाणी साहित्य येतं त्या दिवशीच मुलं मैदानात उतरतात. मी तलवारबाजी शिकवतो आणि क्लबच्या तलवारींची जोडणी-दुरुस्तीही बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडेच आहे. त्या कामात जे शिकलो त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी धारेचा मुद्दा बाजूला ठेवू. या खेळात फॉइल, सेबर आणि इपी अशा तीन प्रकारच्या तलवारी असतात आणि त्यातल्या कुठल्याच तलवारीला धार नसते, त्यामुळे 'धार नाही' यावरून सुरक्षिततेबद्दल काहीच कळत नाही. धोका असतो तो तुटलेल्या पात्याचा. अखंड पातं समोरच्याच्या छातीवर टेकलं की कमानीसारखं वाकतं आणि मुलानं लावलेला जोर त्या बाकात जिरतो. तेच पातं टेकता टेकता तुटलं, तर हातात उरलेला तुकडा आखूड आणि ताठ असतो, त्याचं तोंड वेडंवाकडं आणि अणकुचीदार असतं. मूल तर अंग पुढे झोकून लंज मारत असतं. पातं तुटल्याचं त्याला कळेपर्यंत अंगाचं वजन पुढे गेलेलं असतं. म्हणून या वीस तलवारींकडे बघताना स्वतःला एकच विचारायचं: यातलं कुठलं पातं तुटायला आलंय?

ही भीती कल्पनेतली नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये फॉइलचं वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलेला सोव्हिएत खेळाडू व्लादिमिर स्मिर्नोव १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत खेळत होता. लढतीत प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं आणि तुटका तुकडा मास्कच्या जाळीतून आत गेला. काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. दोघेही जगातले अव्वल खेळाडू होते, दोघांनीही पूर्ण पोशाख घातला होता आणि चूक कुणाचीच नव्हती. आज मास्क, कपडे आणि पाती यांचे जे कडक नियम दिसतात, त्यातले बरेच या घटनेनंतर आले. तलवार तपासताना मास्कसुद्धा हातात का घ्यायचा, तेही यावरून लक्षात येईल.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. पाती साध्या कार्बन स्टीलची आहेत की मॅरेजिंग स्टीलची, मला इथून कळणार नाही. मॅरेजिंग म्हणजे भरपूर निकेल आणि अगदी कमी कार्बन असलेलं पोलाद. त्यात पडलेला तडा सावकाश वाढतो, म्हणून ती पाती जास्त टिकतात आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फॉइल आणि इपीला तीच लागतात. मुठीजवळ पात्यावर कोरलेले शिक्के असतात. तिथे एफआयई या आंतरराष्ट्रीय महासंघाची खूण असेल तर फॉइलचं पातं बहुधा मॅरेजिंगचं. खूण नसेल तर साधं पोलाद धरून चाला. मॅरेजिंगचं पातं तुटलं तर बोथट तुटतं असं बरेच जण सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. तेही तितकंच वाईट तुटतं, फक्त उशिरा तुटतं. दुसरं म्हणजे, आधीच्या क्लबनं ही पाती किती आणि कशी वापरली ते तुम्हाला माहीत नाही. पात्यावर औषधासारखी मुदत छापलेली नसते. माहिती नसलेल्या पात्याला संशयाचा फायदा द्यायचा नाही, शंका आली की ते बाद, हा माझा नियम आहे. मोठ्या, अनुभवी खेळाडूच्या स्वतःच्या पात्याबाबत मी थोडा सैल असतो. सहावीच्या मुलाच्या बाबतीत अजिबात नाही.

पातं का तुटतं, हे एकदा डोक्यात बसलं की तपासणी आपोआप सोपी होते. बांधकामावरची बाइंडिंगची तार कामगार हातानंच पाच-सहा वेळा इकडे-तिकडे वाकवून तोडतात. पात्याचं तेच होतं, फक्त तिथे पाच-सहाच्या जागी हजारो वेळा. प्रत्येक टचला ते वाकतं आणि सुटतं. पृष्ठभागावर कुठेतरी खाच, ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर ताण नेमका तिथे एकवटतो, केसाएवढा तडा पडतो आणि दर वाकण्याला थोडा थोडा आत जातो. एका दिवशी उरलेलं पोलाद पुरत नाही. बघणाऱ्याला वाटतं पातं अचानक तुटलं, पण तडा आठवडाभर, कधी महिनाभर तिथेच असतो. तो आधी पकडता येतो, म्हणूनच तपासणीला अर्थ आहे.

तुटण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. फॉइल बहुतेक वेळा पुढच्या अर्ध्यात, जिथे बाक सगळ्यात जास्त असतो तिथे तुटतं. दुसरी जागा गार्डच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या वाटीच्या, लगेच मागे, मुठीच्या आत शिरणाऱ्या भागात, विशेषतः जिथे आटे सुरू होतात तिथे. ही दुसरी जागा मूठ काढल्याशिवाय दिसतच नाही, म्हणून तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं.

आता प्रत्यक्ष काम. एखाद्या रविवारी सकाळी, उजेड चांगला असताना, सगळ्या तलवारी एका मोठ्या टेबलावर मांडा. सोबत सुती फडकं, कापसाचा बोळा, शिलाई मशीनचं तेल, खडूची पूड, बारीक पॉलिश पेपर, छोटी कानस, एलन की आणि स्क्रू ड्रायव्हर. मुलं जवळ नकोत. तुम्ही स्वतः मास्क आणि जाड हातमोजा घाला, कारण पातं वाकवून बघताना ते तुटू शकतं.

प्रत्येक तलवारीला नंबर द्या. गार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहिला की पुसत नाही. मग पातं फडक्यानं स्वच्छ पुसा आणि मूठ डोळ्याजवळ धरून, एक डोळा मिटून, पात्याच्या लांबीवरून टोकाकडे बघा. बाक कसा आहे हे इथे दिसतं. थोडा, एकसारखा, लांबवर पसरलेला बाक चालतो. फॉइलमध्ये तो वर-खालीच असावा, डावी-उजवीकडे नको. स्पर्धेच्या नियमात फॉइलच्या बाकाची मर्यादा एक सेंटिमीटरच्या आत आहे, सेबरची चार सेंटिमीटरच्या आत. मोजायचं असेल तर सपाट शहाबादी फरशीवर पातं असं टेकवा की बाक वर राहील, आणि मधली फट पट्टीनं मोजा. फरशी खडबडीत असेल तर ओट्याचा ग्रॅनाइट बरा.

बाक किती आहे यापेक्षा कसा आहे, याला मी जास्त महत्त्व देतो. दीड सेंटिमीटरचा पण गोलसर बाक हातानं कमी करता येतो. अर्धाच सेंटिमीटर, पण एकाच जागी कोन पडलेला असेल, तर ते पातं माझ्या दृष्टीनं संपलं. कोन पडला म्हणजे तिथलं पोलाद ताणलं गेलंय आणि पुढच्या वेळीही ते तिथेच वाकणार. एकदा इकडे, एकदा तिकडे असा नागमोडी बाक असेल तर तेही बाद. असं पातं बहुतेक वेळा कुणीतरी पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवून 'सरळ' केलेलं असतं.

यानंतर बोटांचं काम. कापसाचा बोळा पात्यावरून मुठीकडून टोकाकडे आणि मग उलट, चारही कडांवरून ओढा. जिथे कापसाचे तंतू अडकतात तिथे खाच किंवा वर आलेली कूस आहे. त्या जागेवर अंगठ्याचं नख आडवं फिरवा. सेबरच्या कडांना पात्यावर पातं आपटून अशा खाचा भरपूर पडतात. उथळ असतील तर बारीक कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा, पण घासायचं ते पात्याच्या लांबीच्या दिशेनं. आडवं घासलं तर आपणच नवे ओरखडे पाडतो आणि तडा तिथून सुरू होतो. नख अडकून थांबेल इतकी खोल खाच असेल तर घासत बसू नका, पातं बाजूला ठेवा.

केसाएवढा तडा मात्र नखाला लागत नाही. त्यासाठी कारखान्यातल्या जुन्या मेकॅनिक लोकांची एक युक्ती मी नेहमी वापरतो. संशयित भागावर शिलाई मशीनचं पातळ तेल लावा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. मग कोरड्या फडक्यानं अगदी स्वच्छ पुसा, बोटाला तेलकटपणा लागता कामा नये. त्यावर खडूची पूड हलक्या हातानं चोळा, म्हणजे पांढरा पातळ थर बसेल. आता पातं नेहमीच्या दिशेनं सावकाश थोडं वाकवा आणि सोडा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळपट, केसासारखी रेघ उमटते. ही रेघ पात्याला आडवी असते आणि ओरखड्यापेक्षा खूप बारीक. एकदा बघितलीत की पुन्हा ओळखायला चुकणार नाही. रेघ दिसली की त्या पात्याबद्दल पुढे कसलाच विचार करायचा नाही. एक सांगून ठेवतो, रेघ नाही दिसली म्हणजे पातं निर्दोष असं मात्र नाही. युक्ती घरगुती आहे, तिच्या नजरेतून सुटणारे तडेही असतात. विजेच्या फॉइलमध्ये, म्हणजे टोक टेकलं की गुणाचा दिवा लावणाऱ्या फॉइलमध्ये, तार बसवलेली खाच असते, तिच्यात गोंद आणि गंज साचलेला असतो. तिथे ही युक्ती अर्धीच चालते, म्हणून तो भाग टॉर्च तिरपा धरून बघा.

मग वाकवून बघणं. टोक जुन्या चटईवर किंवा लाकडी फळीवर टेकवा, मूठ हळूहळू खाली दाबा आणि कमान बघा. निरोगी पात्याची कमान सुबक, एकसंध येते आणि जोर काढला की पातं जागेवर परततं. कमानीत एका ठिकाणी कोपरा दिसला, तर तिथे पातं मऊ पडलंय. सोडल्यावरही वाकलेलंच राहिलं, तर पोलाद थकलंय. दोन्ही बाद. जोरात वाकवून 'टिकतं का बघू' हा प्रयोग करू नका. तडा नसलेल्या पात्यालाही त्यानं नुकसान होतं.

गंजाबद्दल. वरवरचा लालसर गंज तेल लावलेल्या पॉलिश पेपरनं निघतो आणि खाली गुळगुळीत पोलाद दिसतं. असं पातं चालेल. घासल्यावर खाली काळे टिपके, बारीक खड्डे दिसले तर नाही. प्रत्येक खड्डा ही तडा सुरू होण्याची तयार जागा असते. सोलापूरची हवा कोरडी, गंज कसा चढेल, असं लोक म्हणतात. हवेमुळे नाहीच चढत, घामामुळे चढतो. एप्रिल-मे मध्ये तासाभराच्या सरावानंतर जॅकेट पिळून काढावं इतकं भिजतं, मुलं ते तलवारीभोवती गुंडाळतात आणि बॅग बंद करतात. सकाळी उघडावी तर पात्यावर गंज.

आता मूठ. एलन कीनं किंवा मागचा पॉमेल, म्हणजे मूठ आवळून धरणारा गोळा, फिरवून मूठ काढाच, निदान या पहिल्या वेळी तरी. आतल्या भागावर गंज, आट्यांपाशी तडा, आटे झिजलेले, कुणी कापून पुन्हा आटे पाडलेले, हे सगळं इथे दिसतं. पिस्तूल ग्रिपच्या, म्हणजे पिस्तुलासारख्या आकाराच्या मुठीच्या, आत नट कुठपर्यंत बसतो तेही बघा. जेमतेम दोन आट्यांवर अडकलेला नट लढतीत सुटतो. ग्रिपला कुठे चीर असेल तर तळहात कापतो. गार्ड चेपलेलं असेल तर हरकत नाही, पण कड फाटून वर आली असेल तर कानशीनं बोथट करा. आतली गादी झिजली असेल तर नवी टाका. सगळं परत जोडल्यावर एका हातात पातं आणि दुसऱ्या हातात मूठ धरून पिळून बघा. कटकट आवाज किंवा थोडीशीही हालचाल नको.

टोकाला वेळ कमी लागतो. साध्या फॉइलचं रबर ओढून बघा. सोलापूरच्या उन्हात रबर लवकर कडक होतं आणि भेगाळतं, म्हणून ते स्वस्तातलं साहित्य भरपूर आणून ठेवा आणि मनात आलं की बदला. रबर गेल्यावर खाली उरतं ते खिळ्याच्या डोक्याएवढं चपटं लोखंड. विजेच्या फॉइलच्या टोकाला दोन अगदी बारीक स्क्रू असतात. त्यातला एक जरी गळाला तर टोक निसटतं आणि पोकळ नळीची कड उघडी पडते. घड्याळवाल्यांकडे असतो तसा स्क्रू ड्रायव्हर लागेल. सेबरचं टोक पातं दुमडूनच केलेलं असतं. ते दुमडलेलं बोंड शाबूत आहे ना, एवढं पाहा. तुटलं असेल तर त्यावर टेप गुंडाळून सेबर वापरायचं नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण स्पर्धेला जाणारी मुलं याच्यात फार अडकतात. स्पर्धेत फॉइलच्या टोकावर ५०० ग्रॅमचं वजन ठेवून बघतात, इपीवर ७५० ग्रॅमचं. टोकाच्या स्प्रिंगनं ते वजन वर उचललं पाहिजे. ती तपासणी गुण बरोबर नोंदवला जातो की नाही याची आहे. तडा गेलेल्या पात्यावरसुद्धा दिवा व्यवस्थित लागतो. दिवा लागला म्हणजे तलवार ठीक, असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका.

तुमचा दुसरा प्रश्न, एमआयडीसीचा. गोलसर बाक काढायला कुठेही जावं लागत नाही. पातं जमिनीवर ठेवा, बुटाचा तळवा त्याच्यावर हलका दाबा आणि मूठ धरून पातं तळव्याखालून सावकाश मागे ओढा. दोन-तीनदा केलं की बाक उतरतो. एकाच जागी दाब देऊन मागे-पुढे वाकवायचं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत उत्तम कारागीर आहेत, लूमचा मोडका भाग ते हुबेहूब बनवून देतात, पण त्यांच्याकडे हे काम देऊ नका. चूक त्यांची नसते. लोखंड म्हटलं की तापवायचं, ठोकायचं, जोडायचं ही त्यांची रीत आहे आणि इतर ठिकाणी ती बरोबरच असते. तलवारीचं पातं तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं. ते एक तर मऊ पडतं, नाही तर ठिसूळ होतं, आणि बाहेरून मात्र नव्यासारखं चकचकीत दिसतं. तुटलेलं पातं वेल्डिंग करून, ग्राइंडरनं साफ करून आणलेलं मी पाहिलंय. सांधा कुठे आहे हे शोधूनही सापडत नव्हतं, इतकं काम सफाईदार होतं. तेच सगळ्यात धोकादायक. मिळालेल्या साहित्यात एखाद्या पात्याचा रंग मध्येच निळसर किंवा वेगळा दिसला, जाडी मध्येच बदललेली वाटली, तर ते लगेच बाद करा.

इथवर आलात की टेबलावर तीन ढीग झालेले असतील: चालणारी, किरकोळ दुरुस्तीची आणि बाद. अशा जुन्या मालात बादचा ढीग मोठा निघाला तर खचून जाऊ नका. फक्त पातं बाद होतं. गार्ड, मूठ, पॉमेल, सॉकेट (विजेची वायर जोडायची जागा) हे सगळं नव्या पात्यावर चढतं. बाद पाती शाळेत ठेवू नका. दोघांतिघांकडून 'नाटकाला उपयोगी पडतील' असं ऐकायला येईल. बऱ्याच शाळांत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या पत्र्याच्या तलवारी, लाठ्या, दांडपट्टा आणि फॉइल एकाच पेटीत पडलेल्या असतात, आणि मधल्या सुट्टीत मुलं हाताला येईल ते उचलतात. बाद पात्याचे करवतीनं हातभर लांबीचे तुकडे करा, टोकांना जाड टेप गुंडाळा आणि भंगारवाल्याला स्वतः द्या. खेळाच्या तलवारींची पेटी वेगळी, कुलूपबंद.

आता मास्क आणि कपडे. माझ्या लेखी हे तलवारीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच महत्त्वाचं. कारण कितीही तपासलं तरी एखादं पातं कधी ना कधी तुटणारच, आणि त्या क्षणी मुलाच्या अंगावर जे आहे तेच त्याला वाचवणार.

मास्कची जाळी आतून, उजेडाकडे धरून बघा. तारांमधली भोकं एकसारखी दिसली पाहिजेत. नियमानं दोन तारांमधलं अंतर २.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावं. एखादं भोक मोठं झालेलं, तारा सरकलेल्या, समोरचा भाग आत चेपलेला असेल तर मास्क बाद. स्पर्धेत १२ किलोच्या दाबाचा स्प्रिंगचा पंच जाळीवर मारून बघतात. जिल्हा किंवा राज्य स्पर्धेला जाल तेव्हा तिथल्या तपासनिसांना विनंती करून शाळेचे सगळे मास्क एकदा तपासून घ्या. तोपर्यंत दोन्ही अंगठ्यांनी जाळी ठिकठिकाणी जोरात दाबा, विशेषतः समोर आणि दोन्ही बाजूंना. जाळी अंगठ्याखाली दबली तर ती पात्याला काय अडवणार? गंजलेली जाळी रंगवून देतात, त्या रंगानं फसू नका. गळ्याखालचं कापड, म्हणजे बिब, त्याची शिवण चहूबाजूंनी ओढून बघा. मागचा पट्टा आणि इलॅस्टिक सैल असेल तर मान खाली घालून मान हलवली की मास्क निसटतो. मुलाला घालून, मान हलवायला लावून बघा.

जॅकेटच्या आत लेबल शोधा. ३५० किंवा ८०० न्यूटन असा आकडा असतो, तेवढा जोर कापड झेलतं. लेबल नसलेलं पांढरं सुती जॅकेट दिसायला तसंच असतं, पण त्याच्या भरवशावर लढत नको. जॅकेटच्या आत, तलवारीच्या हाताच्या बाजूला काखेखाली प्लास्ट्रॉन, म्हणजे आतून घालायचं अर्धं संरक्षक जॅकेट, हवंच. तिथे जॅकेटची शिवण येते आणि लढतीत हात वर गेला की नेमका तोच भाग उघडा पडतो. ८०० न्यूटनचंच घ्या. मुलींना चेस्ट गार्ड सक्तीचं आहे, त्यात सूट नाही. कपडे ब्लीच टाकून धुऊ नका आणि भर उन्हात वाळत घालू नका. मजबूत जॅकेटमध्ये केव्हलरसारखे धागे असतात आणि उन्हानं ते हळूहळू कमकुवत होतात. कापड दिसायला तसंच राहतं. आपल्याकडचं ऊन बघता सावलीत, पंख्याखाली वाळवलेलं बरं.

रविवारची तपासणी एकदाची. रोजचं काम याहून खूप छोटं आहे आणि ते मुलांनी करायचं. माझ्याकडे सराव सुरू होण्याआधी प्रत्येक मूल आपली तलवार पुसतं, पात्यावरून नजर टाकतं, कापूस किंवा फडकं फिरवतं, टोक आणि मूठ हलवून बघतं, मास्क दाबून बघतं. मिनिटभर लागतो. जोडीदारानं बघून घेतल्याशिवाय लढत नाही. मुलं हे फार मनापासून करतात, आपल्या मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात. त्यांना एवढंच कळलं पाहिजे की पातं खराब सापडलं तर सर-मॅडम रागावत नाहीत. 'तूच तोडलंस, पैसे भर' असं एकदा जरी म्हटलं, तर पुढचा तडा मूल लपवेल. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः वहीत नंबरवार बघून टिपा: बाक, खाच, गंज, मूठ. स्पर्धेआधी पुन्हा मूठ काढून बघा. तलवार पडली, कुणी तिच्यावर पाय दिला, लढतीत खाडकन वेगळा आवाज आला, तर खेळ तिथेच थांबवून बघायचं, मग गुण चार-चारवर बरोबरीत का असेना.

लढतीत पातं तुटलं तर काय करायचं, हे मुलांकडून आधी करून घ्या. 'थांबा' असं ओरडायचं, हात खाली, टोक जमिनीकडे, मागे दोन पावलं, मास्क काढायचा नाही. ज्याचं पातं तुटलं त्यानंही आणि समोरच्यानंही. तुटलेला पुढचा तुकडा शोधून हातात आल्याशिवाय पुन्हा खेळ नाही. तो तुकडा बऱ्याचदा उडून लांब पडतो आणि मग कुणाच्या तरी पायात जातो.

आता तुमच्या पुढे पैशाचा प्रश्न येईल. जितका निधी मिळेल तो आधी मास्कला, मग प्लास्ट्रॉन-जॅकेटला आणि उरला तर पात्यांना लावा. तोपर्यंत सराव थांबवायची गरज नाही. पहिले सहा-आठ आठवडे फुटवर्क, अंतर आणि लंज यातच जायला हवेत, आणि त्याला तलवार लागत नाही. चालणारी सहा-सात फॉइल निघाली तरी ती आळीपाळीनं वापरता येतील. टोचण्याचा सराव भिंतीवरच्या गादीवर करून घ्या, पण मास्क घालूनच, कारण पाती भिंतीवरही तुटतात. सेबर तूर्त पेटीतच राहू द्या.

नवी पाती मागवताना नंबर बघून मागवा. मोठ्यांचं पाच नंबरचं पातं सुमारे ९० सेंटिमीटरचं असतं. सहावी-सातवीच्या लहान चणीच्या मुलांना ते जड आणि लांब पडतं, मनगट वळत नाही, टोक भलतीकडे जातं आणि पात्यालाही नको तसा बाक बसतो. त्यांना दोन नंबरचं, म्हणजे साधारण साडेब्याऐंशी सेंटिमीटरचं घ्या. आठवी-नववीच्या उंच मुलांना पाच नंबर चालेल. मिळालेल्या पात्यांवरही हा नंबर मुठीजवळ कोरलेला सापडेल. रविवारी तपासताना तोही वहीत लिहून ठेवा, म्हणजे कुणाला कुठली तलवार द्यायची ते तेव्हाच ठरेल.